कुत्र्या-मांजरांच्या खाद्यातली बुरशी, भेसळ आणि विषबाधा : बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून ते सप्टेंबर या काळात आमच्या जनावरांच्या दवाखान्यात एक तक्रार हमखास वाढते : "नवी पिशवी फोडली आणि कुत्रं खायचं बंद झालं." कधी खाद्याचा दोष निघतो, कधी गोचिडतापाचा, कधी उंदरांचा. पण दहा जणांना विचारलं, "ती पिशवी कुठे आहे?" तर बहुतेकांकडे ती नसते. कचऱ्याच्या गाडीत गेलेली असते किंवा खाद्य सुटं आणलेलं असतं. म्हणून खालच्या उत्तरांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येईल, आणि ती मुद्दाम येते : आपलं जनावर काय खातंय आणि ते कुठून आलं, याचा माग हातातून सोडू नका.

विकतच्या खाद्यात खरंच विष निघतं का, की या नुसत्या व्हॉट्सॲपवरच्या गोष्टी?

निघालेलं आहे, आणि त्याची नोंदही आहे. मार्च २००७ मध्ये अमेरिका-कॅनडात मेन्यू फूड्स या कंपनीने सहा कोटींहून जास्त डबे आणि पाकिटं बाजारातून परत मागवली. चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये (गव्हातल्या प्रथिनात) मेलामाइन हे प्लास्टिकसाठी वापरलं जाणारं रसायन मिसळलेलं होतं. खाद्यातली प्रथिनं मोजताना प्रत्यक्षात नायट्रोजन मोजला जातो, आणि मेलामाइनमध्ये नायट्रोजन भरपूर असतो. म्हणजे कागदावर प्रथिनं वाढली. कुत्र्या-मांजरांच्या मूत्रपिंडात मात्र मेलामाइन आणि त्याच्यासोबत आलेलं सायन्युरिक आम्ल एकत्र येऊन खडे धरले आणि मूत्रपिंडं बंद पडली. २००४ मध्ये आशियातल्या काही देशांत हजारो कुत्री अशीच दगावली होती. त्यामागेही हीच जोडी होती, हे २००७ नंतर जुने नमुने पुन्हा तपासल्यावर कळलं.

डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या मिडवेस्टर्न पेट फूड्स कंपनीच्या खाद्यात बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, सापडलं. जानेवारी २०२१ पर्यंत तिथल्या अन्न-औषध खात्याकडे शंभरहून जास्त कुत्र्यांच्या मृत्यूची नोंद झाली होती. २०१९ मध्ये हिल्सच्या कुत्र्यांच्या काही डब्यांत 'ड' जीवनसत्त्व प्रमाणाबाहेर गेलं, कारण पुरवठादाराकडून आलेलं जीवनसत्त्वांचं मिश्रणच चुकलेलं होतं.

तेव्हा भीती खोटी नाही. पण अशा प्रकरणांत माग काढता येतो तो पिशवीवरच्या बॅच नंबरमुळे, म्हणजे एका वेळी बनवलेल्या मालाला दिलेल्या क्रमांकामुळे. कुठल्या बॅचचं खाद्य कुठे गेलं, हे शोधता येतं. आपल्याकडे तो धागा बहुतेक वेळा दुकानातच तुटतो.

मग विकतचं बंद करून घरचंच द्यावं का? भाकरी, भात, ताक?

घरचं म्हणून ते आपोआप सुरक्षित होत नाही. १९७४ मध्ये राजस्थान-गुजरातच्या सीमेवर, बांसवाडा आणि पंचमहाल भागात, अवेळी पावसात भिजलेला मका खाऊन शेकडो लोकांना कावीळ झाली आणि शंभराहून जास्त माणसं गेली. त्या घरांतली कुत्रीही तशाच लक्षणांनी मेली, कारण ती त्याच भाकरीवर होती. त्या मक्यावर कारखान्याचा शिक्का नव्हता. तो घरातच साठवलेला होता.

घरचं द्यायचं असेल तर जरूर द्या, पण निवडलेलं, कोरडं धान्य वापरा. नुसती ज्वारीची भाकरी आणि ताक यावर कुत्र्याचं पोट भरतं, पोषण होत नाही. अंडं, शिजवलेलं मांस, यकृत थोडं, भाजी हे लागतं. पिल्लाला कॅल्शियमचा हिशोब डॉक्टरांकडून करून घ्या. मांजराला टॉरिन हे पोषकद्रव्य लागतं आणि ते मांसातूनच मिळतं, त्यामुळे मांजर दूधभातावर ठेवू नका.

आणि रस्सा नको. आपल्याकडे रविवारी मटणाचा उरलेला रस्सा भाकरीवर ओतून द्यायची पद्धत घरोघरी आहे. त्यातला कांदा-लसूण कुत्र्याच्या, आणि त्याहून जास्त मांजराच्या, रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. एका दिवसात काही दिसत नाही, पण दर आठवड्याला चालू असेल तर जनावर हळूहळू पांढरं पडत जातं. द्राक्षं, मनुका, बेदाणे तर अजिबात नकोत, कारण त्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. अथणी भागात द्राक्षबागा आहेत, पलीकडे तासगावचा बेदाणा आहे, गोकाकच्या करदंटात सुकामेवा असतो. मुलं प्रेमाने भरवतात, म्हणून मुलांना आधी सांगा.

बुरशीचा त्रास आपल्याच भागात जास्त का?

दोन गोष्टी इथे जवळ-जवळ आल्या आहेत. पश्चिमेला कणकुंबी, जांबोटी, खानापूरचा धो-धो पाऊस आणि महिनोन्महिने न सुकणारी हवा. पूर्वेला रायबाग, अथणी, गोकाककडे मका. शेंगा दोन्हीकडे. आणि अफ्लाटॉक्सिन करणारी अ‍ॅस्परजिलस बुरशी सगळ्यांत जास्त ज्या दोन पिकांवर वाढते ती म्हणजे मका आणि भुईमूग.

स्वस्त कोरड्या खाद्यात मका मोठ्या प्रमाणात असतो. पिशवीवर घटकांची यादी वाचा, पहिल्या तीनात मका सापडेल. तो मका कणीस असताना शेतात भिजला, रस्त्याकडेला अर्धवट वाळला किंवा ओल्या गोदामात पडून राहिला, तर विष तिथेच तयार होतं. नंतर कारखान्यात कितीही उष्णता दिली तरी बुरशी मरते, विष बहुतांश तसंच राहतं. म्हणून चांगला कारखाना मका आत घेतानाच तपासतो. अमेरिकेत पाळीव जनावरांच्या खाद्यासाठी ही मर्यादा २० पीपीबी आहे, म्हणजे एका किलोत २० मायक्रोग्रॅम. डोळ्यांना, नाकाला, जिभेला हे प्रमाण कळणं शक्यच नाही.

दुसरा रस्ता आपल्या घरातून जातो. खाद्य कारखान्यातून चांगलं निघालं, तुम्ही पिशवी जुलैमध्ये फोडली, तोंड उघडं ठेवून न्हाणीघराच्या भिंतीला टेकवली. कोरड्या खाद्यात ओलावा साधारण दहा टक्के असतो, म्हणून ते टिकतं. हवेतली ओल त्याने शोषली की बुरशीला जागा मिळते. खानापूरकडच्या कौलारू घरात हे फार दिवस घेत नाही.

शेंगपेंडीचंही असंच. म्हशीसाठी आणलेल्या पेंडीतली थोडी कुत्र्याच्या आंबोणात टाकायची सवय काही वाड्यांवर आहे. ती सोडा. म्हैस जे पचवते ते कुत्र्याला पचत नाही. अफ्लाटॉक्सिनच्या बाबतीत कुत्रं फारच नाजूक जनावर आहे.

थोडीच बुरशी दिसतेय. तेवढं काढून, उन्हात घालून किंवा शिजवून दिलं तर?

नको. दिसतो तो बुरशीचा फुलोरा. विष दाण्यात आधीच उतरलेलं असतं आणि ऊन किंवा चूल त्याला हलवत नाही. शिवाय ते पिशवीभर सारखं पसरलेलं नसतं. एका कोपऱ्यात भरपूर, दुसरीकडे काहीच नाही, असं असतं. त्यामुळे "वरचं खाल्लं तेव्हा काही झालं नाही" यावरही विसंबू नका.

दुकानात मोठी पिशवी फोडून सुटं खाद्य किलोवर मिळतं. स्वस्त पडतं. घ्यावं का?

हा प्रश्न जवळजवळ रोज येतो, आणि विचारणाऱ्यांची अडचण मला कळते. वीस किलोची पिशवी एकदम घेणं सगळ्यांना परवडत नाही. तरीही माझं उत्तर 'घेऊ नका' असंच आहे.

पिशवी फोडली की तीन गोष्टी जातात. हवा-ओल लागते आणि चरबी खवट होऊ लागते. उंदीर, झुरळं, मुंग्या यांना वाट मिळते, आणि उंदराच्या लघवीतून लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या आजाराचे) जंतू येतात. तिसरी आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, तुमच्या हातात आलेल्या प्लास्टिकच्या पिशवीवर कंपनी नाही, तारीख नाही, बॅच नाही. उद्या जनावर आजारी पडलं तर दुकानदार म्हणणार, दुसऱ्याने नेलं त्याला काही झालं नाही. तुमच्याकडे उत्तर नसतं.

दुकानदाराने आधीच पुड्या बांधून ठेवल्या असतील तर पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता, वजन, महिना-वर्ष आणि किंमत त्यावर छापणं पॅकबंद मालाच्या नियमांनुसार बंधनकारक आहे. कोरी पुडी म्हणजे नियम मोडलेली पुडी.

पैशांची अडचण असेल तर एक-दीड किलोची बंद पिशवी घ्या आणि ती घरच्या भात-अंड्याबरोबर पुरवून वापरा. गल्लीतली दोन-तीन घरं मिळून मोठी पिशवी घेत असतील तर तेही चालेल, फक्त पिशवीचा छापील भाग आणि बिल यांचे फोटो सगळ्यांकडे असू द्या. सुटंच घेणं भाग असेल तर दुकानदाराला मूळ पिशवी दाखवायला सांगा आणि तिथेच तिचा फोटो काढा. चांगला दुकानदार नाही म्हणणार नाही.

बंद पिशवी घेताना काय बघायचं?

उत्पादकाचा किंवा आयात करणाऱ्याचा पूर्ण पत्ता, उत्पादनाचा महिना-वर्ष, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख, बॅच नंबर, तक्रारीसाठी फोन. शिवण उसवून पुन्हा घातलेली नाही ना, कोपऱ्यात उंदराने कुरतडलेलं नाही ना, तळाला ओलीचा डाग नाही ना, हे हाताने चाचपून बघा. तारखेवर चिकटपट्टी किंवा दुसरं लेबल असेल तर घेऊ नका.

पाळीव कुत्र्या-मांजरांच्या खाद्यासाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस ११९६८ हे मानक आहे. आपल्या खाण्याच्या वस्तूंवर असतो तसा एफएसएसएआयचा परवाना क्रमांक या पिशवीवर शोधू नका. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात 'अन्न' या व्याख्येतून जनावरांचं खाद्य वगळलेलं आहे. त्यामुळे त्या खात्याकडे तक्रार नेली तर ती तिथे बसत नाही, आणि लोक हेलपाटे मारून दमतात.

फोडल्यावर कशी ठेवू?

मूळ पिशवीतच ठेवा आणि ती पिशवी घट्ट झाकणाच्या डब्यात घाला. खाद्य डब्यात ओतून पिशवी टाकून देऊ नका. त्यात दोन नुकसानं आहेत : बॅच नंबर जातो, आणि डब्याच्या तळाशी चिकटलेली जुनी खवट चरबी नव्या खाद्याला लागते. डबा संपला की साबणाने धुऊन, पूर्ण वाळवून मगच नवी पिशवी.

डबा जमिनीवर न ठेवता पाटावर ठेवा, भिंतीपासून चार बोटं लांब. पावसाळ्यात महिन्याभरात संपेल एवढंच आणा. जुन्या तेलासारखा किंवा रंगासारखा उग्र वास आला तर जनावराला देऊ नका. ते स्वतःहून तोंड फिरवत असेल तर त्याचं ऐका. उपाशी ठेवून खायला लावू नका. ओल्या खाद्याचा डबा फोडला की झाकून फ्रिजमध्ये, आणि तीन-चार दिवसांत संपवा. वाटीत उरलेलं ओलं खाद्य दोन तासांनी उचला, एप्रिल-मेमध्ये त्याआधीच. वाटी रोज धुवा.

नवं खाद्य दिलं आणि जुलाब लागले. खाद्य खराब आहे असं समजू?

लगेच नाही. खाद्य एकदम बदललं की निरोगी कुत्र्यालाही पातळ होतं. आठवडाभरात जुनं कमी, नवं जास्त असं करत बदला. जनावर ताजंतवानं असेल, पाणी पीत असेल आणि एक-दोन वेळाच पातळ झालं असेल तर नवं खाद्य थांबवून मऊ भात-उकडलेलं चिकन द्या आणि एक दिवस लक्ष ठेवा. पिल्लू असेल तर मात्र एक दिवसही थांबू नका.

मग खाद्याचा दोष आहे की दुसरा आजार, हे ओळखायचं कसं?

घरी ओळखता येत नाही, आणि इथेच सगळ्यांत जास्त वेळ वाया जातो. पावसाळ्यात कुत्रं पिवळं पडलं तर आपल्या भागात निदान तीन कारणं समोर असतात. गोचिडातून येणारा बॅबेसिया, म्हणजे गोचिडताप : ताप, पांढुरक्या-पिवळ्या हिरड्या, चहासारखी लघवी. लेप्टो : उंदराच्या लघवीने दूषित पाणी, ताप, कावीळ, मूत्रपिंडावर परिणाम. आणि अफ्लाटॉक्सिन : भूक जाते, सुस्ती, उलटी, कावीळ, मग काळी विष्ठा किंवा नाका-हिरड्यांतून रक्त. तिन्हींची लक्षणं एकमेकांत मिसळतात. पिल्लाला रक्ताचे जुलाब झाले की घरचे खाद्याला दोष देतात आणि तो पार्व्हो हा विषाणूचा आजार निघतो.

रक्ताची काच (सूक्ष्मदर्शकाखाली रक्त बघणं), यकृताच्या आणि मूत्रपिंडाच्या चाचण्या केल्याशिवाय फरक कळत नाही. बॅबेसिया आणि लेप्टोवर औषध आहे आणि ते वेळेवर मिळालं तर जनावर उठून बसतं. अफ्लाटॉक्सिनला उतारा नाही. सलाईन, यकृताला आधार देणारी औषधं, व्हिटॅमिन के यांवर झुंज द्यावी लागते. म्हणूनच चाचणीला पैसे घालणं फुकट जात नाही. "खाद्यच खराब होतं" असं ठरवून घरी बसलेल्या माणसाचं कुत्रं बऱ्या होणाऱ्या आजाराने जाऊ शकतं.

एक खूण मात्र उपयोगी आहे. घरात दोन-तीन जनावरं असतील, एकच खाद्य खाणारी सगळी एकाच वेळी बिघडली आणि वेगळं खाणारं ठीक असेल, तर खाद्यावर संशय बळावतो. हे डॉक्टरांना आठवणीने सांगा. अफ्लाटॉक्सिन खाल्ल्यावर लक्षणं यायला कधी दिवस तर कधी आठवडे लागतात, म्हणून गेल्या महिन्याभरात काय-काय दिलं तेही सांगा.

कुठल्या लक्षणाला रात्रीसुद्धा थांबायचं नाही?

डोळ्याचा पांढरा भाग, हिरड्या किंवा कानाची आतली बाजू पिवळी. रक्ताची उलटी, काळे डांबरी जुलाब. लघवी बंद, किंवा अचानक खूप पाणी पिणं आणि खूप लघवी. झटके, थरथर, तोल जाणं. मांजराने दोन दिवस काहीच न खाणं, कारण उपाशी मांजराचं यकृत फार लवकर बिघडतं. गावाकडून निघायचं असेल तर आधी फोन करा, डॉक्टर आहेत का विचारा आणि मग गाडी काढा.

घरी काही उपाय? मीठपाणी, तेल, दूध?

मीठपाणी पाजून उलटी करवण्याचा उपाय गावोगाव सांगतात. तो करू नका. मिठाचं प्रमाण जास्त झालं की मेंदूला सूज येऊन जनावर त्यानेच मरतं. तेल पाजताना फुप्फुसात जातं. दूध विष मारत नाही. माणसांच्या गोळ्याही नकोत : पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेते, आणि आयबुप्रोफेन-डायक्लोफेनॅकने कुत्र्याच्या पोटात जखमा होतात, मूत्रपिंडं जातात.

खाद्य थांबवा, पिण्याचं पाणी समोर ठेवा, निघा. आणि एक सूचना जीवाची : कुत्रं लाळ गाळतंय, आवाज बदललाय, गिळता येत नाही, विचित्र वागतंय, तर "काहीतरी अडकलं असेल" म्हणून तोंडात हात घालू नका. ते रेबीजही असू शकतं.

दवाखान्यात काय घेऊन यायचं?

पिशवी. रिकामी असली तरी. उरलेलं खाद्य, बिल किंवा ऑनलाइन पैसे दिल्याचा पुरावा, उलटी किंवा विष्ठा स्वच्छ डबीत, आणि लसीकरणाची वही. पिशवी आणणं शक्य नसेल तर पुढून, मागून आणि तारीख-बॅच छापलेल्या शिवणीजवळून असे तीन फोटो.

खाद्य तपासून कुठे मिळेल?

अफ्लाटॉक्सिनची चाचणी एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त अन्न-प्रयोगशाळा करतात. आधी फोन करून जनावरांचं खाद्य घेतात का, किती नमुना लागेल आणि किती पैसे, हे विचारा. नमुना पिशवीच्या वर, मध्ये, तळाशी अशा चार-पाच जागांवरून घ्या आणि एकत्र करा. विष सारखं पसरलेलं नसल्याने एका मुठीचा अहवाल फसवा ठरतो. साधारण किलोभर काढा, त्याचे दोन भाग करा, दोन्ही कोरड्या बंद पिशवीत घालून तारीख लिहा. एक प्रयोगशाळेला, एक तुमच्याकडे थंड जागी. शक्य असेल तर डॉक्टरांसमोर सील करून त्यांची सही घ्या. पुढे वाद झाला तर ही सही कामाला येते.

चिकनच्या दुकानातून पाय, आतडी, मुंडकी आणून कच्ची देतो. ताजी असतात. चालेल?

शिजवून द्या. कच्च्या कोंबडीत साल्मोनेला हा जुलाब-तापाचा जंतू असू शकतो, फ्रीझरमध्ये ठेवल्याने तो मरत नाही. कुत्र्याला कदाचित काही होणार नाही, पण त्याच्या विष्ठेतून आणि तुमच्या विळीवरून तो घरात शिरतो. बर्ड फ्लूचं तर आता जवळचं उदाहरण आहे. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या एच५एन१ या बर्ड फ्लूच्या विषाणूने मेले, आणि त्यानंतर मध्य प्रदेशात छिंदवाड्याला घरगुती मांजरांत तोच विषाणू सापडला. मांजरं याला फार बळी पडतात. आजूबाजूला कोंबड्या मरत असल्याची बातमी असेल त्या दिवसांत मांजराला कच्चं मांस एक तुकडाही नको.

शिजवल्यावर हाडं मात्र काढून टाका, ती देऊ नका. शिजलेलं हाड टोकदार फुटतं आणि आतड्याला भोक पाडतं.

घरात रांगतं बाळ आहे. कुत्र्याची वाटी जमिनीवरच असते.

बाळ जागं असताना वाटी उचलून ठेवा. कोरड्या खाद्यातही साल्मोनेला सापडलेला आहे. खाद्य हाताळल्यावर साबणाने हात धुवा, कुत्र्याची वाटी घरच्या भांड्यांत विसळू नका.

मांजराला गोव्याहून येणारे मासे, सुकट देते. ठीक आहे का?

ताजा मासा शिजवून, काटे काढून, आठवड्यात एक-दोनदा ठीक. सुकटीत मीठ फार असतं, आणि पावसाळ्यात तिला ओल लागून बुरशी धरते. रोजचं खाणं म्हणून नको.

आमचं गावठी कुत्रं आहे. उकिरड्यावरचंही पचवतं. त्याला काय होणार?

गावठी असो, कारवान म्हणजे मुधोळ असो की हजारोंची विलायती जात, यकृत सगळ्यांचं सारखंच. गावठी कुत्र्यांचे मृत्यू मोजले जात नाहीत, एवढाच फरक. शेताच्या बांधावर मेलेलं कुत्रं कुणी दवाखान्यात नेत नाही, म्हणून ती "पचवतात" असं वाटतं.

संध्याकाळी उसाच्या फडाकडून आलं आणि तासाभरात फेस येऊन तडफडायला लागलं. खाद्यामुळे?

एवढ्या वेगाने, तोंडाला फेस, डोळ्याची बाहुली टाचणीएवढी, अंग थरथरणं, लघवी-शी सुटणं, हे कीटकनाशकाचं चित्र आहे. फोरेट, म्हणजे आपण ज्याला थिमेट म्हणतो, त्यावर देशात बंदी आलेली आहे, तरी जुन्या पुड्या कुठे-कुठे अजून पडून आहेत. उंदरांसाठी मळलेल्या पिठाच्या गोळ्या हे दुसरं कारण. थिमेटसारख्या कीटकनाशकावर ॲट्रोपिनसारखी औषधं आहेत, पण मिनिटं मोजून. जनावराच्या अंगावर पावडर असेल तर हातमोजे घालून धुवा आणि डब्याचं लेबल घेऊन निघा. कुणी मुद्दाम घातलं असेल तर पोलिसांत तक्रार द्या. जनावराला विष देणं हा गुन्हा आहे.

तक्रार कुठे करायची? बिल कोल्हापूरचं आहे, राहतो निपाणीत. आणि कन्नड लिहिता येत नाही.

आधी पिशवीवरच्या ग्राहक सेवेला ईमेल करा. फोनवर बोलणं झालं तरी लेखी ठेवा : बॅच नंबर, खरेदीची तारीख, लक्षणं, डॉक्टरांचे कागद. उत्पादन परत मागवायचं की नाही, हे कंपनी अशाच तक्रारींवरून ठरवते.

मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. तिथे मराठीतूनही बोलता येतं, कन्नडमधूनही.

त्याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने एक मोठी सोय केली : तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते. म्हणजे बिल कोल्हापूरचं, कंपनी मुंबईची किंवा हैदराबादची असली तरी निपाणीच्या माणसाला बेळगावच्या आयोगात जाता येतं. सीमेवर राहणाऱ्यांना हे माहीत असायला हवं, कारण आपली खरेदी रोज सीमा ओलांडत असते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. वकील नसला तरी चालतं, अर्ज इंग्रजीत केलेला सोपा पडतो.

जनावर गेलं. आता पिशवी-बिल यांचा काय उपयोग?

त्या वेळी काही सुचत नाही, हे मला माहीत आहे. तरी सांगतो, कारण नंतर अनेकांना हळहळ वाटते : शवविच्छेदन करून घ्या. शरीर बर्फाच्या पिशव्यांत गार ठेवा, गोठवू नका, आणि शक्य तितक्या लवकर सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. यकृत, मूत्रपिंड आणि जठरातलं अन्न यांचे नमुने घेतले जातात. कारण कळलं तर घरातली दुसरी जनावरं वाचतात, आणि तीच पिशवी आणलेल्या शेजाऱ्याचीही. लेप्टो निघाला तर घरच्या माणसांनाही तपासणी लागते.

मुदत संपलेलं किंवा संशयास्पद खाद्य रस्त्यावरच्या कुत्र्यांना घालू का? नाहीतर म्हशीला?

दोन्ही नको. रस्त्यावरच्या कुत्र्याला कुणी दवाखान्यात नेणारं नसतं, म्हणून त्याला तर चांगलंच द्यायला हवं. आणि म्हशीला किंवा गाईला बुरशीचं खाद्य घातलं की अफ्लाटॉक्सिनचा अंश दुधात उतरतो, उकळल्यानेही जात नाही, आणि ते दूध आपल्याच मुलांच्या पेल्यात येतं. कोंबड्यांनाही घालू नका.

आधी नमुना आणि छापील पिशवी बाजूला काढून ठेवा. बाकीचं पाण्यात कालवून, माती किंवा राख मिसळून, विहीर आणि ओढ्यापासून लांब, दोन-तीन फूट खोल खड्ड्यात पुरा आणि वर दगड ठेवा, म्हणजे कुत्री उकरणार नाहीत. शहरात असाल तर घट्ट बांधून, वर 'खराब खाद्य' असं लिहून घंटागाडीतल्या माणसाच्या हातात द्या. कंटेनरजवळ उघडं सोडू नका.